सम्राट अशोकाचा मृगयात्याग

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याची प्रथा आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकावर सोपविले, तेव्हा चरित्रनायकाच्या शोधार्थ फार दूर जावे लागले नाही. ज्याची आज्ञा कोरलेला पाषाण आपल्या सोपाऱ्याच्या मातीत दोन हजारांहून अधिक वर्षे पडून होता, त्या सम्राट अशोकाचेच चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. अशोकावर लिहिलेले ग्रंथ पुष्कळ आहेत आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकांतही त्याच्यावर धडा असतो. कलिंगाचे युद्ध, त्यानंतरचा पश्चात्ताप आणि बौद्ध धर्माचा प्रसार एवढे बहुतेकांस पाठ असते. परंतु आपल्या सोपाऱ्यास प्रथम जो लेख सापडला, तो युद्धाविषयी नसून शिकारीविषयी आहे, ही गोष्ट आपल्याच तालुक्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून चरित्राचा तोच धागा येथे मुख्य धरला आहे.

सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी हे थोर पुराणवस्तुसंशोधक सोपाऱ्यास आले. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस बुरूड राजाचा कोट म्हणून जी टेकडी लोक दाखवीत असत, ती त्यांनी उकरविली. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती, मध्ये एकात एक ठेवलेले करंडक आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या लहानशा खापऱ्या, असा तो ठेवा होता. बुद्धाच्या भिक्षापात्राचेच हे तुकडे म्हणून ते जपले असावेत, असा पंडितजींचा अभिप्राय पडला. त्याच साली भाटेला तळ्याच्या परिसरात त्यांना एक फुटका पाषाणखंड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतील काही अक्षरे होती. पंडितजींचा जन्म १८३९ साली जुनागडास झाला होता. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदा लेख कोरलेला जो प्रचंड खडक आहे, तो त्यांच्या गावचाच म्हणावयाचा. त्या खडकावरील अक्षरेच त्यांची पहिली पाठशाळा. तेव्हा सोपाऱ्याच्या तुकड्यावरील तुटक शब्द हे अशोकाच्या आठव्या शिलालेखातले आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. ज्ञानाचा हा योगायोग मोठा गमतीचा आहे. गिरनारच्या मुलाने सोपाऱ्याचा दगड वाचला!

त्या आठव्या लेखाचा आशय असा. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. त्या यात्रेत मृगया आणि तशाच प्रकारच्या इतर करमणुकी चालत. परंतु देवांना प्रिय अशा या राजाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीची, म्हणजे ज्या ठिकाणी बुद्धास ज्ञान झाले त्या स्थानाची यात्रा केली आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत ब्राह्मण व श्रमण यांचे दर्शन घेणे व त्यांस दान देणे, वृद्धांस भेटून त्यांच्या निर्वाहासाठी सुवर्ण देणे, खेड्यापाड्यांतील लोकांस भेटून त्यांच्याशी धर्माच्या गोष्टी बोलणे, हे सर्व घडते. राजास यातच अधिक आनंद वाटतो. येथे एक गोष्ट वाचकांनी पाहावी. या लेखात कोणास मनाई केलेली नाही. राजाने केवळ स्वतः काय सोडले आणि त्याच्या जागी काय धरले, एवढेच प्रजेस कळविले आहे.

अशोकाचा आजा चंद्रगुप्त मौर्य. त्याने इसवी सनापूर्वी ३२१ च्या सुमारास मगधाचे राज्य हस्तगत केले व पाटलिपुत्र येथून उत्तर भारतावर सत्ता गाजविली. त्याचा पुत्र बिंदुसार आणि बिंदुसाराच्या अनेक पुत्रांपैकी एक अशोक. त्याच्या आईचे नाव परंपरेत सुभद्रांगी असे सांगतात. तो दिसण्यात देखणा नव्हता, अंगाची त्वचा खरखरीत होती, त्यामुळे पित्याचे प्रेम त्यास लाभले नाही, अशी उत्तरेकडील बौद्ध ग्रंथांतील कथा आहे. तरुणपणी तक्षशिलेच्या लोकांनी बंड केले तेव्हा त्यास तेथे पाठविण्यात आले. पुढे तो उज्जयिनीस प्रांताधिपती होता. त्या प्रवासात विदिशेच्या एका श्रेष्ठीची कन्या देवी हिच्याशी त्याचा संबंध जुळला व तिच्यापासून महेंद्र आणि संघमित्रा ही अपत्ये झाली, असे सिंहली ग्रंथ सांगतात. बिंदुसारानंतर गादीसाठी काही तंटा झाला असावा. कारण राज्यारोहण आणि राज्याभिषेक यांत चार वर्षांचे अंतर सांगितले आहे. मात्र त्याने नव्याण्णव भाऊ मारले ही कथा प्रस्तुत लेखकास पटत नाही. अशोकाच्या स्वतःच्याच लेखात राज्याभिषेकानंतर तेराव्या वर्षी भावाबहिणींच्या अंतःपुरांचा उल्लेख आहे. चंडाशोकाचा धर्माशोक झाला हे अधिक ठसठशीत दिसावे म्हणून पुढच्या कथाकारांनी काळा रंग जरा जास्त दिला असावा. राज्याभिषेक इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास झाला.

ज्या राजकुळात तो वाढला, त्या राजकुळात मृगया कशी चाले, हे आपणांस एका परकीयाच्या लेखणीतून कळते. चंद्रगुप्ताच्या दरबारी मेगॅस्थिनिस नावाचा ग्रीक वकील होता. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, परंतु त्यातील मजकूर पुढच्या ग्रीक लेखकांनी उतरून ठेवला आहे. राजा शिकारीस निघाला म्हणजे ती एक मिरवणूकच असे. राजाभोवती स्त्रियांचे कडे, त्यांच्या बाहेर भालाईत, पुढे नगारे आणि घंटा वाजविणारे. मार्गाच्या दोन्ही बाजूंस दोर ताणलेले असत आणि त्या दोराच्या आत पाऊल टाकणाऱ्यास देहान्त शासन होई. कुंपण घातलेल्या रानात राजा मचाणावरून बाण सोडी. त्याच्या बाजूस दोन-तीन सशस्त्र स्त्रिया उभ्या असत. मोकळ्या रानात तो हत्तीवरून शिकार करी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी राखावयाच्या मृगवनाचे वर्णन आहे. त्यास प्रवेशद्वार एकच असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झाडे असावीत, चतुष्पाद प्राणी माणसाळलेले असावेत आणि हिंस्र पशू असल्यास त्यांची नखे व दात काढलेले असावेत. ही दोन वर्णने एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे त्या राजमृगयेत शौर्य कितपत होते हे निराळे सांगावयास नको. हरणाने पळावयाचे ते खंदकापर्यंतच!

रानातल्या माणसाची पारध याहून वेगळी. आपल्या तालुक्याच्या पूर्वेस तुंगारचा डोंगर आहे आणि त्याच्या पलीकडे वाड्या-जव्हारापर्यंत रानपट्टी आहे. तेथील वारली, कातकरी, महादेव कोळी यांच्या मागच्या पिढ्यांत तीरकामठा ही घरातली नित्याची वस्तू होती. तीरकामठ्याने हरीण मारावयाचे तर वारा समोरून येईल अशा बेताने जावे लागते. नाहीतर माणसाचा वास लागून कळप उधळतो. बाणाचा पल्ला थोडा, म्हणून झुडपाआडून थोड्या पावलांच्या अंतरावर पोहोचावे लागते. पाणवठ्यावर दबा धरावा तर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बाण लागला तरी जनावर जागीच पडते असे नाही. ते धावते आणि पारध्यास रक्ताच्या थेंबांमागे पानापानांवरून माग काढीत जावे लागते. मृग या शब्दाच्या मुळाशी शोध घेण्याचाच अर्थ आहे, हे येथे लक्षात येते. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये कोणत्याही हत्याराने हरीण मारणे हा गुन्हा आहे आणि तुंगारेश्वराचे रान २००३ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे ही विद्या आता वृद्धांच्या सांगण्यातच उरली आहे.

ग्रीक लोकांना भारतीय धनुष्याचे मोठे नवल वाटे. शिकंदराचा नौकाधिपती निआर्कस याने लिहून ठेविले की, येथील पायदळाचे धनुष्य धरणाऱ्या माणसाएवढे उंच असते; त्याचे टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाब देऊन दोरी मागे ओढतात; बाण जवळजवळ तीन हात लांब असतो आणि त्याच्यापुढे ढाल टिकत नाही, चिलखतही टिकत नाही. अशा धनुर्धरांच्या देशात राजपुत्राच्या हाती बालपणीच धनुष्य येत असले पाहिजे, हे उघड आहे.

शास्त्रकारांनी मात्र मृगयेकडे नेहमी संशयानेच पाहिले. मनुस्मृतीत कामापासून उत्पन्न होणारी राजाची दहा व्यसने सांगितली आहेत आणि त्यांत पहिले नाव मृगयेचे आहे. कौटिल्याने तिची थोडी बाजू घेतली. मृगयेने व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल अशा दोन्ही लक्ष्यांवर नेम बसतो, भ्यालेल्या व चवताळलेल्या प्राण्यांचे मन कळते, असे तो म्हणतो. आपल्या पुराणकथांत तर धनुष्य आणि हरीण एकत्र आले की अनर्थ ठरलेलाच. पांडूने मृगरूपातील ऋषीस बाण मारला व तो शापित झाला. रामाने कांचनमृगाचा पाठलाग केला आणि सीता हरण झाली. दुष्यंताचा बाण सुटण्यापूर्वी तपस्व्याने त्यास अडविले म्हणून शाकुंतलाची कथा निदान गोडपणे सुरू झाली. मृगयेस संस्कृतात पापर्द्धि असाही एक शब्द असून तो हेमचंद्राच्या कोशात येतो. आपला पारध हा शब्द त्याच्याच प्राकृत रूपाशी जोडतात.

अशोकाच्या घरातलीच हरणांच्या शिकारीची एक कथा महावंसात आहे. ती थोडी विस्ताराने सांगतो. अशोकाचा धाकटा भाऊ तिष्य हा उपराज होता. तो एकदा शिकारीस गेला असता रानात हरणांचा कळप आनंदाने बागडताना त्याच्या दृष्टीस पडला. त्याच्या मनात आले की, ही हरणे गवत खाऊन राहतात, तरी इतकी सुखी आहेत. मग ज्यांस उत्तम अन्न आणि राहावयास विहार आहेत, ते भिक्षू असे उदास का दिसतात? घरी येऊन त्याने हा प्रश्न राजास विचारला. राजाने उत्तर न देता त्यास सात दिवसांसाठी आपले राज्य दिले आणि सात दिवस संपताच त्याचा वध करण्यात येईल असे सांगून ठेविले. आठवड्याअखेर तिष्य समोर आला तो वाळून गेलेला. राजाने कारण विचारले. तिष्याने मरणाचे भय हेच कारण सांगितले. तेव्हा राजाने त्यास समजावून दिले की, सात दिवसांनी येणाऱ्या मरणाच्या विचाराने राज्यसुख गोड लागले नाही, तर ज्यांच्या मनात मरणाचा विचार नित्य जागा असतो त्यांस बागडणे कसे सुचावे? पुढे तिष्य पुन्हा शिकारीस गेला. त्या वेळी महाधर्मरक्षित नावाचे स्थविर एका झाडाखाली बसलेले आणि एक हत्ती शालवृक्षाची फांदी सोंडेत धरून त्यांना वारा घालीत असलेला, असे दृश्य त्याने पाहिले. आपणही असेच रानात निर्भय राहावे, असे वाटून तिष्याने प्रव्रज्या घेतली.

ही कथा आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि तिच्यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्याच्या हाती धनुष्य आहे त्यास हरीण सुखी दिसते. मरणाच्या भीतीने सात दिवस काढल्यावाचून हरणाचे जिणे काय असते, हे त्यास कळत नाही. कथाकाराने हे कोठेही फोडून सांगितलेले नाही.

राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी २६० च्या सुमारास कलिंगाचे युद्ध झाले. एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष धरून नेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली, असे आकडे अशोकाने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरविले आहेत. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाची अशी जमाखर्चाची वही उघडून दाखविल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. त्यानंतर दोन वर्षांनी संबोधीची यात्रा आणि विहारयात्रेचा त्याग. युद्धाचे बाण आणि मृगयेचे बाण एकाच भात्यातले असतात. एक प्रकार सोडल्यावर दुसराही हातून गळून पडावा, यात नवल नाही. तरी माणसे युद्ध सोडूनही शिकार सोडीत नाहीत, हा जगाचा अनुभव आहे.

पहिल्या शिलालेखात तर राजाने आपल्या पाकशाळेचाच हिशेब दिला आहे. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज कालवणासाठी लक्षावधी प्राणी मारले जात. आता केवळ तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. लक्षावधी हा आकडा अतिशयोक्तीचा असेल, परंतु शेवटच्या तीन प्राण्यांचा हिशेब किती प्रामाणिक आहे पाहा. सर्वस्वी सोडले असे ठोकून देणे राजास अवघड नव्हते. कोण तपासावयास जाणार होते? त्याने मात्र अजून काय सुटलेले नाही, तेही खडकावर लिहून टाकले. पुढच्या दोन हजार वर्षांच्या वाचकांस त्याच्या घरी कधीमधी हरीण शिजत होते, हे माहीत झाले.

सन १९५८ मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहारजवळ ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला अशोकाचा लेख सापडला. तो राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतरचा, म्हणजे संबोधीयात्रेच्याच सुमाराचा आहे. त्यात राजाने प्राणी वर्ज्य केले आणि राजाचे जे शिकारी व कोळी होते त्यांनी आपली शिकार थांबविली, असे सांगितले आहे. ग्रीक शब्दरचनेत हे शिकारी आणि कोळी राजाचे म्हणजे राजसेवेतले आहेत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्यांस राजाच्या ताटासाठी हत्या करावी लागे, त्यांचे ते काम प्रथम बंद झाले.

याविषयी एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. तालुक्याच्या पूर्व भागातील एका शाळेत मी इतिहास शिकवीत असताना अशोकाच्या धड्याच्या वेळी मागच्या बाकावरील एका वारली मुलाने उभे राहून विचारले की, राजाच्या ताटात शंभर पदार्थ असतील, त्याने हरीण सोडले तर त्याचे काय अडले. पण ज्याच्या घरी आषाढात नाचणी संपते त्याने काय सोडावे? वर्ग हसला. मला हसू आले नाही. त्या मुलास त्या दिवशी जे उत्तर दिले, ते आजही बदलावेसे वाटत नाही. अशोकाने प्रथम स्वतःची करमणूक सोडली, मग स्वतःचे ताट कमी केले, मग आपल्या चाकरांस त्या कामातून मोकळे केले. प्रजेसाठी नियम केले ते त्यानंतर, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, पाचव्या स्तंभलेखात. आणि तेही सरसकट बंदीचे नव्हेत. जे प्राणी खाण्याच्या वा उपयोगाच्या कामी येत नाहीत, ते मारू नयेत. गाभण व दूध पाजणाऱ्या माद्या व सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. रान विनाकारण अथवा प्राणिहत्येसाठी पेटवू नये. पौर्णिमा, चतुर्दशी, उपोसथ अशा ठरावीक दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत. त्याच दिवशी हत्तींच्या वनांत आणि कोळ्यांच्या राखीव जलाशयांत इतर प्राणीही मारू नयेत. पोट भरण्याचा मार्ग वर्षभर बंद केलेला नाही. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात घालतात, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

तथापि त्या मुलाचा प्रश्न एवढ्याने पूर्ण मिटतो असे मी म्हणणार नाही. तेराव्या शिलालेखात अटवीवासी, म्हणजे रानात राहणाऱ्या लोकांस उद्देशून काही वाक्ये आहेत. त्यांची समजूत घालण्याचा राजाचा प्रयत्न आहे. परंतु राजास पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य कायम आहे, त्यांनी लाज धरावी, म्हणजे त्यांचा वध होणार नाही, अशी तंबीही आहे. दयाळू राजाच्या लेखातील ही वाक्ये वाचताना मन जरा अडखळते. नगरातील माणसाने आपल्या मनाचे परिवर्तन रानातील माणसास सांगावयाचे म्हटले की त्यात अशी धार येतेच, असे दिसते.

अशोकाच्या पुढील आयुष्यातील मोठ्या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत, म्हणून त्या भराभर सांगतो. तेराव्या वर्षी त्याने धर्ममहामात्र नेमले. त्यांच्या कार्यक्षेत्रात अपरान्त, म्हणजे पश्चिमेकडील प्रदेशही होता. मोग्गलिपुत्त तिस्स यांच्या नेतृत्वाखाली पाटलिपुत्रास संगीती भरली व तीनंतर निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक गेले. आपल्या अपरान्तात धर्मरक्षित नावाचा यवन भिक्षू आला, असे महावंस सांगतो. तो सोपाऱ्याच्या बंदरातच उतरला असावा, असे मानण्याचा मोह होतो. महेंद्र व संघमित्रा सिंहलद्वीपास गेली. विसाव्या वर्षी राजाने लुंबिनीस जाऊन तेथील करभार अष्टमांशावर आणला. रस्त्यांवर वड लावले, आंबराया लावल्या, विहिरी खणल्या, माणसांसाठी व पशूंसाठी औषधींची व्यवस्था केली. सारनाथ येथे त्याने चार सिंहांचा स्तंभ उभारला. त्या स्थानाचे जुने नाव मृगदाव, म्हणजे हरणांचे वन. त्या स्तंभाचे शीर्ष २६ जानेवारी १९५० पासून आपल्या राष्ट्राची मुद्रा आहे.

त्याच्या अखेरच्या दिवसांची कथा करुण आहे. दान करून करून कोष रिता होऊ लागला, तेव्हा अमात्यांनी व युवराजाने त्याचे अधिकार काढून घेतले. शेवटी त्याच्या हाती अर्धा आवळा उरला आणि तोही त्याने संघास पाठवून दिला, असे अशोकावदानात वर्णन आहे. इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास त्याचा अंत झाला. पुढे पन्नास वर्षांच्या आतच मौर्यांचे राज्य बुडाले. शेवटचा मौर्य बृहद्रथ यास त्याचाच सेनापती पुष्यमित्र याने सैन्याची पाहणी चालू असताना मारले. अहिंसेने राज्य दुबळे झाले, असा ठपका काही इतिहासकार अशोकावर ठेवतात. परंतु त्याने सैन्य मोडल्याचा एकही पुरावा नाही आणि वर सांगितलेली अटवीवासीयांस दिलेली तंबी तर उलटच बोलते.

पुढच्या राजांनी धनुष्य पुन्हा उचलले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९ मध्ये रचलेल्या मानसोल्लासात राजांच्या विनोदांमध्ये मृगयेस मानाचे स्थान असून हरणांच्या शिकारीचे नाना प्रकार बारकाव्यांनिशी वर्णिले आहेत. त्या वेळी उत्तर कोकणचे शिलाहार राजे कल्याणीच्या चालुक्यांस मोठे मानीत असत. म्हणजे ज्या सोपाऱ्यात मृगया सोडल्याचा लेख खडकावर होता, त्याच प्रदेशावर मृगयेचे शास्त्र लिहिणाऱ्या राजाची छाया होती. तोपर्यंत ब्राह्मी अक्षरे वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. ती विद्या १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने पुन्हा मिळविली.

सोपाऱ्याच्या लेखाची भावंडे महाराष्ट्रात फारशी नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे प्राणी धरण्यास व मारण्यास मनाई करणारा एक प्राचीन शिलालेख असून तो अशोकाच्या काळातील अधिकाऱ्याचा असावा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. परंतु चौदा लेखांच्या मालिकेपैकी महाराष्ट्रात सापडलेले तुकडे आपल्याकडचेच. चौदाही लेख येथे असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. १८८२ नंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १९५६ साली, भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्याचा विषय शिकार नसून लग्नकार्ये, बारशी, आजारपण व प्रवास अशा प्रसंगी लोक जे नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात आणि ज्यांत स्त्रिया विशेष पुढे असतात, त्यांच्यापासून फळ कितपत मिळते, असा आहे. आपल्या ज्ञातीच्या लग्नखर्चाविषयी गेल्या वार्षिक सभेत जी चर्चा झाली ती पाहता त्या लेखावर निराळे लिहिणे उपयुक्त होईल. तोवर ज्यांस सवड असेल त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप मुलांस अवश्य दाखवावा आणि मुंबईस जाणे झाल्यास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भुईगावचा पाषाणही दाखवावा. अक्षरे लहान आहेत. उजेडाच्या बाजूने उभे राहून पाहिल्यास नीट दिसतात.